महागाई भत्त्याचा वाद कसा लढवायचा: करार वाचण्यापासून फरक हातात पडेपर्यंत

महागाई भत्त्याचे अर्ज फेटाळले जातात, त्यामागे बऱ्याचदा एकच कारण असते: अर्ज चुकीच्या दारात टाकलेला असतो. कराराप्रमाणे मिळायचा भत्ता थकला असेल तर वसुलीचा अर्ज हवा. तिथे युनियन नवे मागणीपत्र देऊन बसते. उलट करारात नसलेला वाढीव दर हवा असतो, तेव्हा वसुलीचा अर्ज टाकला जातो. काही वर्षांनी कोर्ट सांगते की हा अर्ज इथे चालत नाही. तोवर काही अर्जदार निवृत्त झालेले असतात आणि मुदती उलटून गेलेल्या असतात.

हा लेख महाराष्ट्रातल्या खासगी कारखान्यांतल्या आणि आस्थापनांतल्या कामगार प्रतिनिधींसाठी आहे. शासकीय कर्मचाऱ्यांचा मार्ग वेगळा असतो, तो इथे घेतलेला नाही.

आधी कायद्याची सध्याची स्थिती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० आणि वेतन संहिता, २०१९ लागू झाल्या आहेत. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या बऱ्याच तरतुदी औद्योगिक संबंध संहितेत (पुढे ‘संहिता’ म्हणजे हीच) वेगळ्या कलम क्रमांकांनी आल्या आहेत. त्यामुळे जुन्या अर्जाचा मसुदा कॉपी करून त्यावर जुनीच कलमे ठेवू नका. जुने निकाल मात्र अजून उपयोगाचे आहेत, कारण भत्ता ठरवण्याची तत्त्वे त्या निकालांतूनच आली आहेत.

टप्पा १: वाद कोणत्या प्रकारचा आहे ते ठरवा

हा टप्पा एका बैठकीत उरकू नका. पुढचे सगळे यावर उभे राहते. आपला वाद खालीलपैकी कशात बसतो ते कागदावर लिहून काढा.

पहिला प्रकार, कराराची अंमलबजावणी. करारात किंवा निवाड्यात भत्त्याचे सूत्र आहे आणि मॅनेजमेंट ते पाळत नाही, उशिरा लावते किंवा हिशोब चुकवते. हक्क आधीच ठरलेला आहे, फक्त रक्कम काढायची आणि वसूल करायची आहे.

दुसरा प्रकार, नवी मागणी. सूत्रच नाही, किंवा आहे ते अपुरे आहे. स्थिर भत्त्याऐवजी निर्देशांकाशी (महागाई मोजणाऱ्या आकड्याशी) जोडलेला भत्ता हवा, पॉइंटचा (निर्देशांकाच्या एका अंकाचा) दर वाढवून हवा, कमाल मर्यादा काढायची आहे. इथे हक्क अजून निर्माण व्हायचा आहे, आणि तो वाटाघाटीतून किंवा न्यायाधिकरणाच्या निवाड्यातूनच होतो.

तिसरा प्रकार, मॅनेजमेंटने एकतर्फी केलेला बदल. भत्ता गोठवला, त्यावर मर्यादा घातली, स्लॅब पद्धत (टप्प्यांप्रमाणे भत्त्याचा दर ठरवणे) बंद केली किंवा भत्ता मूळ पगारात विलीन करून वाढ थांबवली. वेतन आणि भत्त्यांमध्ये असा बदल करायचा तर आधी बदलाची नोटीस द्यावी लागते आणि २१ दिवस थांबावे लागते. जुन्या कायद्यात हे कलम ९-अ होते, नव्या संहितेत कलम ४० आहे. बदल एखाद्या करारानुसार किंवा निवाड्यानुसार होत असेल तर मात्र नोटीस लागत नाही. म्हणून करारात ‘फेरआढावा’ अशा नावाचे कलम आहे का, ते आधी शोधा.

चौथा प्रकार, किमान वेतनातला विशेष भत्ता. सर्वात जास्त गोंधळ इथे होतो. महाराष्ट्रात अनुसूचित (किमान वेतनाच्या यादीतल्या) उद्योगांसाठी कामगार आयुक्त कार्यालय जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबर असे वर्षातून दोनदा विशेष भत्त्याचे दर जाहीर करते. दर वाढला की आपल्याही पगारात तेवढी रक्कम पडलीच पाहिजे, असे अनेक कामगार धरून चालतात. एअरफ्रेट लिमिटेड विरुद्ध कर्नाटक राज्य (१९९९) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की किमान वेतन हा एकत्रित आकडा आहे. मूळ दर आणि बदलता भत्ता (म्हणजे हाच विशेष भत्ता) मिळून होणाऱ्या रकमेपेक्षा एकूण वेतन जास्त असेल, तर त्यावर वेगळा बदलता भत्ता मागता येत नाही. तुमचा पगार या एकूण आकड्याच्या खाली असेल तरच ही किमान वेतनाची तक्रार. वर असेल तर वाढ मागायला कराराचाच आधार लागतो.

*इशारा:* पहिला आणि दुसरा प्रकार एकाच अर्जात घालू नका. दिल्ली महानगरपालिका विरुद्ध गणेश रझाक (१९९५) या निकालाप्रमाणे वसुलीच्या अर्जात फक्त आधी मान्य झालेल्या किंवा आधी निवाडा झालेल्या हक्काचा हिशोब होतो. हक्कच वादात असेल तर तो अर्ज टिकत नाही. कराराच्या कलमाचा अर्थ लावण्यापुरता प्रश्न असेल तर अडचण नाही, पण ‘शेजारच्या कंपनीत मिळतो म्हणून आम्हालाही’ हा मुद्दा वसुलीच्या अर्जात आणला की संपूर्ण अर्ज धोक्यात येतो.

टप्पा २: कागद गोळा करा

मागणीपत्र लिहायच्या आधी हे कागद हातात हवेत:

– भत्त्याचा उल्लेख असलेला पहिला करार आणि त्यानंतरचे सगळे करार. भत्त्याचे सूत्र अनेकदा पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या करारात असते आणि नंतरच्या प्रत्येक करारात ‘भत्त्याची सध्याची पद्धत चालू राहील’ एवढीच ओळ असते. ती ओळ नेमकी कोणत्या करारातली, हे कोर्टात दाखवावे लागते.

– प्रत्येक करार कोणत्या पद्धतीने झाला याचा पुरावा. समेट अधिकाऱ्यासमोर (मालक-कामगार वादात तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर) झालेला करार त्या आस्थापनेतल्या सगळ्या कामगारांना लागू होतो, नंतर रुजू झालेल्यांनाही. परस्पर झालेला करार फक्त सही करणाऱ्या पक्षांना बांधतो. दोन युनियन असलेल्या कारखान्यात याच फरकावर वाद अडतो.

– वेगवेगळ्या श्रेणींतल्या पाच-सहा कामगारांच्या, वादाच्या पूर्ण काळातल्या पगारचिठ्ठ्या. एकाच कामगाराच्या चिठ्ठ्या पुरत नाहीत. भत्ता श्रेणीप्रमाणे बदलतो का, ते त्यातून कळते.

– मॅनेजमेंटने लावलेल्या सूचना, परिपत्रके, ई-मेल. फलकावरच्या सूचनेचा फोटो काढताना तारीख आणि सही दिसेल असा काढा.

– भत्त्यासाठी लढणाऱ्यांची यादी, हुद्द्यांसह. संहितेत दरमहा १८,००० रुपयांपेक्षा जास्त वेतन असलेले पर्यवेक्षक ‘कामगार’ या व्याख्येत येत नाहीत. मुकंद लिमिटेड विरुद्ध मुकंद स्टाफ अँड ऑफिसर्स असोसिएशन (२००४) या प्रकरणात कामगार नसलेल्यांचा समावेश हाच वादाचा मोठा मुद्दा ठरला होता. नावापुरता ‘सुपरवायझर’ असलेला माणूस प्रत्यक्षात मशीनवर काम करत असेल, तर त्याच्या कामाचा पुरावा आताच जमवा.

*तपासा:* करार अजून मुदतीत आहे का? मुदत संपली म्हणून करार आपोआप मरत नाही. एलआयसी विरुद्ध डी. जे. बहादूर (१९८०) या निकालाप्रमाणे जुन्या कराराच्या अटी त्यांची जागा घेणारा नवा करार किंवा निवाडा येईपर्यंत चालू राहतात. ‘करार संपला, भत्ता बंद’ असे मॅनेजमेंट म्हणाली तर हेच उत्तर आहे.

टप्पा ३: तक्ता बनवा

वकिलाकडे जाण्याआधी हिशोबाचा तक्ता तयार हवा. हे काम युनियनचेच आहे. कारखान्यात भत्ता कसा मोजला जातो हे टाइम ऑफिस आणि कामगार यांच्याइतके बाहेरच्या कोणालाच माहीत नसते.

आधी निर्देशांकाची मालिका ओळखा. वर्तमानपत्रात येणारा किरकोळ महागाईचा दर वेगळ्या निर्देशांकावरून काढतात, तो इथे चालत नाही. भत्त्यासाठी लेबर ब्युरोचा औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक लागतो. महिन्याचा आकडा पुढच्या महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी जाहीर होतो. करारात अखिल भारतीय आकडा आहे की मुंबई, पुणे, नाशिक अशा एखाद्या केंद्राचा, ते शब्दशः वाचा. मुंबईतल्या जुन्या कंपन्यांच्या करारांत तर १९३४ ला १०० धरणारी मुंबईची मालिका सापडते.

मग पायाभूत वर्ष, म्हणजे ज्या वर्षाचा निर्देशांक १०० धरतात ते. सप्टेंबर २०२० पासून निर्देशांक २०१६ = १०० या मालिकेत येतो. करार २००१ = १०० या मालिकेवर असेल तर अखिल भारतीय आकड्याला २.८८ या जोड गुणकाने (नव्या मालिकेचा आकडा जुन्या मालिकेत आणणाऱ्या गुणकाने) गुणावे लागते. २००१ वरून १९८२ च्या मालिकेत जायला आणखी ४.६३ ने. केंद्रांचे गुणक वेगळे असतात. मुंबईच्या आकड्याला अखिल भारतीय गुणक लावणे ही नेहमी होणारी चूक आहे, आणि ती दोन्ही बाजूंकडून होते.

आता एक उदाहरण, आकडे नमुन्यासाठी घेतलेले. समजा करारात असे कलम आहे: ‘अखिल भारतीय निर्देशांक (२००१ = १००) २५० च्या वर जाईल तेव्हा मागील तिमाहीच्या सरासरीवर प्रत्येक पॉइंटला १८ रुपये.’ तीन महिन्यांचे २०१६ मालिकेतले आकडे १४०.०, १४०.६ आणि १४१.२ आहेत. सरासरी १४०.६. गुणक लावल्यावर ४०४.९२८. २५० वजा केले की १५४.९२८ पॉइंट उरतात.

फक्त पूर्ण पॉइंट धरले तर १५४ गुणिले १८, म्हणजे २,७७२ रुपये. जवळच्या पूर्णांकाला नेले तर १५५ पॉइंट, २,७९० रुपये. सरासरीच आधी १४१ केली आणि मग गुणक लावला तर ४०६.०८, म्हणजे १५६ पॉइंट, २,८०८ रुपये. कलम तेच आणि उत्तरे तीन. पहिल्या आणि तिसऱ्या उत्तरात महिन्याला ३६ रुपयांचा फरक दिसतो, पण २०० कामगारांचा वर्षाचा हिशोब ८६,४०० रुपये होतो.

यातले बरोबर कोणते? करारात पूर्णांकाबद्दल शब्द असेल तर तोच. नसेल तर आजवरची पद्धत. म्हणून वाद सुरू होण्याच्या आधीच्या दोन-तीन वर्षांच्या चिठ्ठ्यांवरून उलटा हिशोब करा आणि तेव्हा मॅनेजमेंट कोणत्या रीतीने मोजत होती ते दाखवा. ती रीत नंतर बदलली असेल, तर तुमच्याकडे अंमलबजावणीचा आणि एकतर्फी बदलाचा, असे दोन्ही मुद्दे आहेत.

तक्त्यात हे रकाने ठेवा: महिना, मूळ निर्देशांक, गुणकानंतरचा आकडा, सरासरी, पॉइंट, देय भत्ता, दिलेला भत्ता, फरक. त्यानंतर दुसरा तक्ता, जो बहुतेक जण विसरतात. भत्त्यातल्या फरकामुळे भविष्य निर्वाह निधी, ओव्हरटाइम, बोनस, ग्रॅच्युइटी आणि रजेचा पगार यांतही फरक पडतो. मागणीत तो स्वतंत्रपणे लिहिला नाही तर नंतर पदरात पाडून घेणे फार अवघड जाते.

*इशारा:* वेतन संहितेतल्या ‘वेतन’ या शब्दाच्या नव्या व्याख्येमुळे वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. त्यामुळे अनेक ठिकाणी पगाराची रचना बदलली जात आहे. भत्ता मूळ पगारात विलीन करायचा प्रस्ताव आला तर कोणत्या निर्देशांकापर्यंतचा भत्ता विलीन झाला आणि त्यावरचा प्रत्येक पॉइंट पुढे कोणत्या दराने मिळणार, हे लेखी घेतल्याशिवाय सही करू नका.

टप्पा ४: ठराव, मागणीपत्र, पोच

क्रम पाळा. आधी जनरल बॉडीचा ठराव, मग मागणीपत्र, मग पोच, मग उत्तराची वाट.

सिंधू रीसेटलमेंट कॉर्पोरेशन (१९६८) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मागणी आधी मालकाकडे व्हायला हवी. फक्त सरकारकडे केलेल्या मागणीने औद्योगिक विवाद निर्माण होत नाही. त्यामुळे थेट कामगार आयुक्त कार्यालयात धावणे म्हणजे मॅनेजमेंटला पहिला आक्षेप फुकट देणे. मागणीपत्र हाताने देऊन सही-शिक्क्याची पोच घ्या, त्याच दिवशी नोंदणीकृत पोस्टाने पाठवा आणि ई-मेलही करा. उत्तरासाठी पंधरा दिवसांसारखी ठरावीक मुदत लिहा.

नवी मागणी असेल तर आधी जुना करार संपवण्याची ६० दिवसांची लेखी नोटीस लागते, आणि ती कराराने बांधलेल्यांपैकी बहुसंख्यांच्या वतीने द्यावी लागते. ही नोटीस न देता मागणीपत्र दिले की ‘करार चालू आहे, मागणी करता येत नाही’ असे उत्तर येते आणि ते बरोबर असते.

मागणी करायला आपण पात्र आहोत का, हेही पाहा. संहितेत वाटाघाटी करणाऱ्या युनियनसाठी हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा हा निकष आहे. एवढा पाठिंबा कोणत्याच युनियनला नसेल तर वाटाघाटी परिषद होते आणि तिथे २० टक्क्यांना एक प्रतिनिधी मिळतो.

*इशारा:* या काळात मॅनेजमेंट एकेकट्या कामगाराला केबिनमध्ये बोलावून ‘नवी रचना मान्य’ अशी पत्रे सही करून घेते. फरक न देता पगार जमा होतच राहणार, तो नाकारू नका. पण युनियनतर्फे लगेच पत्र द्या की रक्कम हरकत राखून स्वीकारली आहे.

टप्पा ५: समेट अधिकाऱ्यासमोर

कार्यालय आधी निश्चित करा. बहुतेक खासगी कारखान्यांसाठी राज्याचे कामगार आयुक्त कार्यालय. बँका, विमा, रेल्वे, खाणी, केंद्राचे सार्वजनिक उपक्रम यांच्यासाठी केंद्रीय कामगार आयुक्तांची यंत्रणा.

मुदती दोन आहेत आणि दोन्ही भिंतीवर लावा. वाद निर्माण झाल्यापासून दोन वर्षांनंतर समेट अधिकारी कार्यवाही करू शकत नाही. समेट फसला तर अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत न्यायाधिकरणात अर्ज करायचा असतो. पूर्वी सरकारने वाद न्यायनिर्णयासाठी पाठवायची वाट पाहत बसावे लागे. आता पक्ष थेट जाऊ शकतो, पण वाट पाहण्याची जुनी सवय राहिली तर ९० दिवस सहज निघून जातात. अहवालाची प्रत मिळाल्याची तारीख प्रतीवरच लिहून सही करा.

प्रत्येक तारखेला आपले म्हणणे लेखी द्या. मॅनेजमेंट तोंडी ‘परवडत नाही’ म्हणाली तर ते नोंदीत यावे असा आग्रह धरा. पुढे त्यांना ताळेबंद दाखवायला लावताना ही नोंद उपयोगी पडते.

समेट किंवा न्यायनिर्णय चालू असताना वादाशी संबंधित सेवाशर्ती कामगारांच्या तोट्याच्या बाजूने बदलता येत नाहीत. भत्ता गोठवण्याची सूचना या काळात लागली तर वेगळी तक्रार द्या, पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका.

संपाचा विचार असेल तर १४ दिवसांची नोटीस लागते. समेट चालू असताना आणि तो संपल्यावर सात दिवस संप बेकायदा ठरतो. भत्त्याच्या मजबूत प्रकरणात बेकायदा संप करून मॅनेजमेंटला हत्यार देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तडजोड जुळत असेल तर कलमाचा मसुदा तुम्ही लिहा. त्यात या गोष्टी हव्यातच: मालिका, केंद्र, पायाभूत वर्ष, जोड गुणक, मालिका बदलल्यास काय, सरासरीचे महिने, पूर्णांकाचा नियम, लागू होण्याचा महिना, निर्देशांक उतरल्यास काय. आणि करार समेट अधिकाऱ्यासमोरच करा.

टप्पा ६: न्यायाधिकरणात काय सिद्ध करायचे

नव्या मागणीच्या प्रकरणात तीन गोष्टींवर पुरावा लागतो.

तुलना. भत्ता उद्योग आणि प्रदेश या दोन्ही कसोट्यांवर ठरतो. ग्रीव्ह्ज कॉटन (१९६४) या निकालाप्रमाणे त्या प्रदेशात त्याच उद्योगातल्या कंपन्या मोजक्याच असतील तर प्रदेशावर भर देता येतो. तुलनेच्या कंपनीचे भांडवल, उलाढाल, कामगारसंख्या, नफा आणि वय जुळले पाहिजे. दीडशे कामगारांच्या युनिटने हजारो कामगारांच्या कंपनीचा करार दाखवला तर तो बाजूला ठेवला जातो. तिथल्या कराराची प्रत नुसती जोडू नका, ती सिद्ध करणारा साक्षीदारही आणा.

भरपाईचे प्रमाण. बेंगॉल केमिकल (१९६९) या निकालात तत्त्वे मांडली आहेत: सर्वात खालच्या स्तराखेरीज महागाईची शंभर टक्के भरपाई सहसा मिळत नाही, आणि सारखे वेतन असलेल्यांना, कारकून असो वा कारखान्यातला कामगार, सारखाच भत्ता मिळावा. म्हणून सगळ्या श्रेणींना पूर्ण भरपाई मागणारे मागणीपत्र कमकुवत ठरते. श्रेणीनिहाय मागणी करा.

ऐपत. कंपनीचे ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रके कंपनी निबंधकाकडे दाखल असतात. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर शुल्क भरून ती मिळतात. एका वाईट वर्षावर मॅनेजमेंट जोर देईल, तुम्ही पाच-सात वर्षांचा कल दाखवा. मागणी मान्य झाल्यास वर्षाला किती बोजा पडेल तो आकडाही तुम्हीच द्या, नाहीतर मॅनेजमेंटचा फुगवलेला आकडा एकटाच रेकॉर्डवर राहतो.

मॅनेजमेंट चालू भत्ता कमी करू पाहत असेल तर रेप्टाकोस ब्रेट (निकाल १९९१) वाचल्याशिवाय कोर्टात पाऊल टाकू नका. त्या प्रकरणात कंपनीला स्लॅब पद्धतीचा भत्ता बदलून हवा होता. न्यायाधिकरण आणि मद्रास उच्च न्यायालय कंपनीच्या बाजूने गेले, सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवले. वेतनरचना कामगारांच्या तोट्याची करता येते ती अत्यंत अपवादात्मक स्थितीतच, आणि तशी स्थिती आहे हे मालकाने सिद्ध करायचे असते. कंपनी नफ्यात असेल तर हा एकच निकाल मॅनेजमेंटची अर्धी बाजू खाली आणतो.

*तपासा:* मागणीत भत्ता कोणत्या तारखेपासून हवा ते लिहिले आहे का? ‘योग्य तारखेपासून’ असे मोघम लिहिले तर मागचा काळ सुटण्याचा धोका असतो.

टप्पा ७: अंमलबजावणी आणि वसुली

करार किंवा निवाडा असूनही भत्ता मिळत नसेल तर तीन वाटा आहेत.

रक्कम ठरलेली असेल तर वसुलीचा अर्ज सरकारकडे, एका वर्षाच्या आत. रक्कम मोजायची असेल तर ती न्यायाधिकरणाकडून मोजून घ्यायची, टप्पा ३ मधला तक्ता जोडून. करार न पाळणे ही अनुचित कामगार प्रथाही आहे. महाराष्ट्रात अशी तक्रार १९७१ च्या एमआरटीयू-पीयूएलपी (कामगार संघटनांची मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध) कायद्याच्या परिशिष्ट ४, बाब ९ खाली औद्योगिक न्यायालयात होत आली आहे, मुदत ९० दिवस. संहितेने रद्द केलेल्या तीन केंद्रीय कायद्यांत हा राज्याचा कायदा नाही. तरी अर्ज टाकण्याच्या वेळी कोणते न्यायालय आणि कोणते कलम, यावर वकिलाचे मत लेखी घ्या.

किमान वेतनापेक्षा कमी दिल्याचा किंवा बेकायदा कपातीचा दावा असेल तर वेतन संहितेखाली तीन वर्षांपर्यंत अर्ज करता येतो, आणि मूळ रकमेवर दहा पटीपर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो.

निकालाविरुद्ध मॅनेजमेंट उच्च न्यायालयात जाईल हे गृहीत धरा. स्थगितीच्या पहिल्याच तारखेला फरकाची रक्कम कोर्टात जमा करण्याची अट मागा, आणि त्यासाठी श्रेणीनिहाय थकबाकीचा अद्ययावत आकडा प्रतिज्ञापत्रावर तयार ठेवा. निवृत्त झालेले आणि मरण पावलेले कामगार यादीतून गळणार नाहीत हे पाहा. वारसांचे बँक तपशील, पत्ते आणि फोन नंबर दर सहा महिन्यांनी ताजे करा, कारण पैसे सुटतात तेव्हा कंपनी याद्या मागते आणि ज्यांचा पत्ता लागत नाही त्यांची रक्कम तशीच पडून राहते.